मुखपृष्ठावरची बाई

"बाबा, आधी ही कवटी काढायची," लॅपटॉप उघडता उघडता शिवांगी म्हणाली. "आणि ही वीज. आणि हे वटवाघूळ. कथा जहाजावरची आहे ना? भर समुद्रात वटवाघूळ आलं कुठून?"

"भयकथा आहे ती. लोकांना बघितल्याबरोबर कळायला नको?" विलासराव म्हणाले.

विलासराव सबनीसांनी तीस वर्षं जहाजांची इंजिनं सांभाळली आणि आता इथे परदेशात, शहराच्या अलेक्झांड्रा भागातल्या एका ऑफिसात खुर्ची सांभाळत होते. गेल्या वर्षी त्यांनी 'इंजिनरूममधली बाई' नावाची नव्वद पानांची कथा लिहिली, स्वतःच छापून घेतली आणि मुखपृष्ठही स्वतःच केलं. हौसेला मोल नसतं म्हणतात, तसं तिला कुणी आवरणारंही नसतं. शंभरातल्या ब्याऐंशी प्रती अजून पलंगाखाली होत्या. इथल्या मराठी मंडळाच्या अनघाताईंनी मात्र पुस्तक वाचून फोन केला. दिवाळीच्या कार्यक्रमात टेबलावर ठेवू या म्हणाल्या, पण मुखपृष्ठ बदला; मुलं घाबरायची सोडून हसतात.

शिवांगी त्याच शहरात, वन-नॉर्थ भागातल्या एका कंपनीत डिझायनर होती. शाळा सगळी इंग्रजीतून झालेली, त्यामुळे मराठी अक्षर लावत लावत वाचायची. वर्षभर तिने पुस्तकाला हात लावला नव्हता, आणि ते विलासरावांना लागलं होतं. बाकी कुणी नाही वाचलं तरी चाललं असतं. लिहिलं होतं ते हिच्यासाठीच.

कथा अशी, की जहाज समुद्रात असताना चीफ इंजिनिअरची बायको घरी वारते आणि मग इंजिनरूममध्ये दिसायला लागते. हिरवी साडी, हिरवा चुडा, नेहमी पाठमोरी. खलाशी घाबरून पळतात. हा एकटा तिची वाट बघत बसतो.

त्यांची बायको चित्रा गेली तेव्हा विलासराव पॅसिफिकच्या मध्यावर होते. घरी पोचायला पाचवा दिवस उजाडला. तोवर शिवांगी आणि जावई प्रतीक यांनी सगळं उरकलं होतं. त्या दिवसाबद्दल बापलेक तीन वर्षांत एक शब्द बोलले नव्हते.

"वाचलीस?" त्यांनी विचारलं.

"वाचली. एमआरटीच्या गाडीत, रोज दोन पानं. दीड महिना लागला."

तिने स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. अंधारी इंजिनरूम, जाडजूड पाइप, लोखंडी शिडी आणि शिडीपाशी एक पाठमोरी बाई. रक्त नाही, काही नाही. चित्र छानच होतं. फक्त बाई नुसती करड्या रेघांची होती.

"रंग भर की हिच्यात. हिरवी साडी. आत सगळं लिहिलंय मी."

शिवांगीने कर्सर बाईवर नेला आणि तिथेच ठेवला.

"अगं, अहेव गेली ना ती. अहेव बाईला हिरवीच नेसवतात. हातभर चुडा, मळवट, ओटी..."

"बाबा, आईला आम्ही हिरवी नव्हती नेसवली."

विलासराव स्क्रीनवरून तिच्याकडे वळले.

"मला माहीतच नव्हतं. घरात मोठं कुणी नव्हतं. तो अंत्यविधीच्या कंपनीतला कास्केटवाला माणूस म्हणाला, हर फेव्हरिट आउटफिट? मी कपाट उघडलं, तर तिचा जांभळा ड्रेस समोरच होता. मुद्दाम खिसे लावून घेतलेला. तोच दिला. नंतर नंदामावशीनं फोनवर विचारलं, हिरवी नेसवलीस ना गं? मी हो म्हटलं. आणि आता तुमच्या पुस्तकात चौथ्या पानावर हिरवी साडी, सातव्या पानावर हिरवी साडी. वाटलं, तुम्ही मलाच विचारताय."

विलासरावांना राग आला, पण तो स्वतःचाच. पोरीने एकटीने आईचं कपाट उघडलं, आणि आपण तीन वर्षांत साधं विचारलंही नाही.

"कुंकू?"

"टिकली लावली. तिच्याच पर्समधली."

"बरं केलंस." मग त्यांनी विचारलं, "खिशात काही होतं?"

"बाजाराची यादी होती. तशीच राहू दिली मी. पडवळ, कोथिंबीर, आणि तुमचं शेव्हिंग क्रीम. तुम्ही महिन्यानं येणार होतात ना."

विलासरावांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने बराच वेळ पुसला. चित्राची इतकी आठवण त्यांना तीन वर्षांत झाली नव्हती. हिरव्या साडीतली बाई कुणीही असू शकली असती. खिशात यादी घेऊन निघालेली मात्र तीच.

"जांभळा भर," ते म्हणाले.

"पण आत सगळीकडे हिरवी साडी आहे. थांबा, फाइल द्या. एका क्लिकमध्ये बदलते सगळीकडे."

"नको. मी करतो. एकेक."

त्यांनी लॅपटॉप पुढ्यात ओढला. पान्याला सरावलेली बोटं, एका वेळी दोन कळा दाबल्या जायच्या. चौथ्या पानावरची साडी त्यांनी पुसली आणि ड्रेस लिहिला. सातव्या पानावरचा चुडा उतरवला. अकराव्या पानावर तिचे हात रिकामेच लोंबत होते, ते खिशात घातले. शिवांगीने कुकर लावला, पानं घेतली, दोनदा हाक मारली. ते उठले नाहीत. अशा सदतीस जागा होत्या.

दुपार कलल्यावर त्यांनी मान वर केली. "ओढणी होती का गं?"

"होती. पांढरी."

मग शेवटच्या पानावर विलासरावांनी तिच्या दोन्ही खांद्यांवरून ती ओढणी सारखी करून घातली.