बिनआवाजाचं लग्न

लोटनरावांनी रिमोट तोंडाशी धरला आणि वावराच्या पलीकडच्या बांधावरच्या माणसाला हाक मारावी तसे ते ओरडले, "कुस्ती दखाड!"

टीव्हीच्या पडद्यावर एक गोल थोडा वेळ फिरला. मग हसतमुख बाई आली आणि खस्ता कचोरीसाठी मैदा मळायला लागली. लोटनरावांना वाटलं, ही सुरुवातीची जाहिरात असेल, मागून पैलवान येतील. कचोरी तळून, चिंचेची चटणी होईपर्यंत ते वाट बघत बसले.

त्यांची बायको दगूबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या की त्या मशीनला अहिराणी कळत नाही, शाळेतली मराठी बोला. पण दगूबाईंचा आवाज म्हणजे चाळणीतून पीठ पडावं एवढाच, आणि लोटनरावांना तर शेजारी उभं राहून बोललेलंही ऐकू येत नसे. शेवटी त्यांनी उलथनं चौकटीवर आपटलं. एकदा आपटलं की माझ्याकडे बघा, दोनदा म्हणजे जेवायला या. लोटनरावांनी मान वळवली आणि मोठ्या समाधानाने सांगितलं की कचोरी चांगली दाखवली.

ते मशीन जागृतीने पाठवलं होतं. जागृती ही त्यांची एकुलती एक मुलगी, नाशिकला बँकेत होती. शहाद्याजवळच्या या गावात म्हातारा-म्हातारी दोघंच, त्यांचा वेळ कसा जात असेल, ही तिची काळजी. घरचा जुना डीव्हीडी प्लेअर केव्हाच बंद पडला होता आणि नात्यातल्या लग्नांच्या डिस्का बिस्किटांच्या डब्यात पडून होत्या. म्हणून तिने शोधून शोधून असा प्लेअर घेतला की जो डिस्कही गिळेल आणि इंटरनेटवरून कुस्त्या, कीर्तनंही दाखवेल. सोबत कानाला लावायचा बिनवायरचा हेडफोन होता. कारण पप्पा टीव्ही लावतात तेव्हा सगळी गल्ली ऐकते, ही तक्रार नाशिकपर्यंत पोचली होती.

लोटनरावांनी साखर कारखान्यात तेहतीस वर्षं काढली, तीही मिल हाउसमध्ये. ऊस चेचणाऱ्या त्या रोलरांच्या घरघराटाने त्यांचे कान हळूहळू खाल्ले. पण हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं असं की हल्लीची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. डॉक्टरांनी दिलेलं कानातलं मशीन कपाटात होतं, ते शिट्ट्या मारतं म्हणून. प्रकाशा गावच्या एका चुलतभावाने त्याच्या घरच्या पंगतीत गमतीने म्हटलं होतं, आधी बहिऱ्याला वाढा. नेमकं तेवढं त्यांना ऐकू गेलं. ते भरल्या ताटावरून उठले आणि सहा वर्षं त्या घराची पायरी चढले नाहीत. चुलतभाऊ दोनदा माफी मागून गेला. दोन्ही वेळा लोटनरावांनी ती ऐकू आली नाही असं दाखवलं. किंवा खरंच आली नसेल.

दगूबाईंचं उलट होतं. आजूबाजूच्या पाच गावांत हळद असली की त्यांना बोलावणं यायचंच. त्यांनी गाणं धरलं की मांडवाच्या मागे भांडी घासणाऱ्या बायकाही हात थांबवायच्या. दोन वर्षांपूर्वी गळ्यात गाठ आली. ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांनी सांगितलं होतं की आवाज जाऊ शकतो. गाठ गेली आणि आवाजही गेला. मग गावातल्या हळदींना त्या हळूहळू जेवायच्या वेळेलाच जायला लागल्या.

मशीन जोडायला शहाद्याहून केबलवाला नवनीत आला होता. नेट लागल्याबरोबर मशीनने नवीन आवृत्ती उतरवून घ्यायची परवानगी मागितली. लोटनरावांनी दिली. मग सकाळी दहापासून एक वाजेपर्यंत ते पडद्यावरच्या टक्क्यांसमोर बसले, जसे कारखान्यात वाफेच्या काट्यासमोर बसत. त्या तीन तासांत त्यांनी घरात मिक्सर लावू दिला नाही. शंभर टक्के झाले. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं आणि म्हणालं, आणखी एक आवृत्ती आहे.

हेडफोन बघून लोटनराव आधी बिचकले. कानातल्या मशीनचाच तो मोठा भाऊ दिसत होता. नवनीतने त्यांना ओरडून समजावलं की कॉलेजची पोरं हेच लावून मोटारसायकली फिरवतात. तेव्हा कुठे त्यांनी तो डोक्यावर चढवला. आणि त्यांचा चेहरा उजळला. कुस्तीच्या आखाड्यातली हलगी, पंचाची शिट्टी, मागे कुणीतरी खोकलेलं, सगळं कानात आलं.

"कक्का, एक ध्यानम्हा ठेवा," नवनीत जाता जाता म्हणाला. "हाई लावं की टीव्हीना आवाज बंद व्हस. फक्त तुमलेच ऐकू ई."

लोटनरावांनी जोरजोरात मान हलवली आणि चहा घेऊनच जा असं सांगितलं.

दगूबाईंनी मात्र ते ऐकलं होतं. पुढचे दोन दिवस त्यांच्या घरात पैलवान मुक्याने एकमेकांना आपटत राहिले आणि लोटनराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले की आवाज एक नंबर आहे.

तिसऱ्या दिवशी त्यांनी बिस्किटांचा डबा काढला. म्हणाले, आता सगळी लग्नं एकेक करून बघतो. आणि दगूबाईंनी वेळेआधीच उलथनं चौकटीवर दोनदा आपटलं.

त्याचं कारण असं. चौदा वर्षांपूर्वी लोटनरावांच्या पुतण्याचं लग्न झालं. तेव्हा हळदीच्या गाण्यात दोन्हीकडच्या पुरुषमाणसांची थट्टा चालली होती आणि दगूबाईंनी ऐनवेळी आपल्याच नवऱ्यावर एक ओळ रचून म्हटली. मांडव हसून लोळला. ती ओळ पुढे गावात रुजली. आजही एखाद्या हळदीला बायका ती म्हणतात. अख्ख्या गावात ती फक्त लोटनरावांना माहीत नव्हती. आणि व्हिडिओवाल्याने ती पूर्ण घेतली होती.

ते जेवत असताना दगूबाईंनी त्या लग्नाची डिस्क डब्यातून काढली आणि तूरडाळीत खुपसली.

रविवारी दुपारी शेजारची रुपा आली. रुपा म्हणजे त्याच लग्नातली नवरी, पुतण्याची बायको. तिच्या हातात तिची स्वतःची डिस्क होती, लाल मखमलीच्या खोक्यात. मागे तिची सासू शांतीबाई आणि गल्लीतल्या पाच-सहा बायका. रुपाच्या घरी डिस्क चालवायला काही उरलं नव्हतं. आणि बायकांना लग्नापेक्षा दगूबाईंचा आवाज ऐकायचा होता. दोन वर्षांत कुणी तो ऐकला नव्हता.

दगूबाईंनी रुपाचं मनगट धरून तिला चुलीपाशी ओढलं आणि कानात सांगितलं की त्यात ती ओळ आहे. रुपाला हसू आलं. काकांना आजवर काय ऐकू आलं, म्हणून हे येईल, असं ती म्हणाली. हेडफोनचं समजावून सांगायला दगूबाईंनी तोंड उघडलं, तोवर बाहेर लोटनरावांनी डिस्क मशीनच्या तोंडाशी नेली होती आणि मशीनने ती गिळली होती. हेडफोन त्यांच्या डोक्यावर होता. रिमोट मुठीत.

पडद्यावर गुलाबाचं फूल उमललं आणि त्यात रुपाचा चेहरा आला. मग ते फूल विमानात बसून ढगांतून गेलं. बायका हसल्या. हळदीची मिरवणूक निघाली, बँडवाल्याने गाल फुगवले, पोरं नाचायला लागली. आवाज मात्र नाही.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. रुपाने लोटनरावांना हाताने खूण करून कान दाखवला. तिला आवाज कसा आहे ते विचारायचंय असं त्यांना वाटलं. त्यांनी अंगठा वर केला. शांतीबाईंनी दोन्ही हात पसरून, काहीच ऐकू येत नाही, असं दाखवलं. लोटनरावांनी त्यांच्याकडे दयेने बघितलं. वयाने होतं असं, एवढं म्हणून ते पुन्हा पडद्याकडे वळले.

मग दगूबाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हेडफोन काढून टाकायचा. तो निघाला की आवाज टीव्हीतून येईल, बायकांना गाणं ऐकू जाईल आणि ह्यांना काहीही ऐकू जाणार नाही. सगळंच निभावेल. त्या पदर खोचून बायकांच्या मधून वाट काढत पुढे गेल्या. तोवर पडद्यावर हळदीचा पाट मांडला गेला होता. पाटाभोवतीच्या बायकांत हिरव्या लुगड्यातली दगूबाई होती. कॅमेरा तिच्यावर आला. तिने पदर सावरला, मान थोडी तिरपी केली आणि तोंड उघडलं.

दगूबाईंनी हेडफोनकडे हात नेला आणि त्यांना नवऱ्याचा चेहरा दिसला.

लोटनराव पुढे वाकले होते. तोंड किंचित उघडं होतं. एक हात त्यांनी हेडफोनवर दाबून धरला होता, जणू आतलं काही सांडेल. हा आवाज त्यांनी लग्नाच्या एकेचाळीस वर्षांत ऐकला नव्हता. बायका गात तेव्हा ते पुरुषांत बसलेले असत, आणि तेवढ्या अंतरावरून त्यांच्यापर्यंत नुसती गुणगुण यायची. घरात त्यांना बायकोचा आवाज ऐकू यायचा तो कानाशी येऊन ओरडलेला. दूध उतू गेलं, लाईनमन आला, छत्री घ्या.

दगूबाईंचा हात तसाच राहिला. मागून रुपा हेडफोन काढायला आली. दगूबाईंनी तिचा हात अडवला. रुपाने डोळ्यांनीच विचारलं, ती ओळ येईल ना? दगूबाईंनी मान हलवली. येईल. आणि त्या नवऱ्याच्या शेजारी, खाटेच्या कडेला बसल्या.

बायकांना गाणं पाठ होतं. पडद्यावरच्या ओठांवरून कुठलं कडवं चाललंय ते त्यांना कळत होतं. नवऱ्याच्या मामाचं झालं, व्याह्यांचं झालं. शांतीबाईंनी पदर तोंडाला लावला. पडद्यावरची दगूबाई जरा थांबली, शेजारणीकडे बघून डोळे बारीक केले आणि पुढची ओळ घेतली. मांडवातल्या सगळ्या बायका हसत एकमेकींवर पडल्या. कॅमेरा गर्रकन पुरुषांकडे वळला. तिथे खुर्चीत चौदा वर्षांपूर्वीचे लोटनराव बसले होते. सगळे आपल्याकडे बघून हसताहेत, तेव्हा काहीतरी मान दिला असणार, असं समजून त्यांनी उठून चारी दिशांना हात जोडले.

खाटेवरचे लोटनराव हलले नाहीत. दगूबाईंना चुलतभावाच्या पंगतीतलं ते भरलेलं ताट आठवलं. सहा वर्षं. त्या खाली बघत राहिल्या.

कान झाकले की माणूस मोठ्याने बोलतो. लोटनराव तर एरवीही मोठ्यानेच बोलायचे. त्यांनी ती ओळ सावकाश, शाळेत कविता म्हणावी तशी म्हणून दाखवली आणि ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली.

"कारखानाना भोंगा वाजे, जागं व्हये सारं गाव,
एकलालेच ऐकू ये ना, तो मन्हा लोटनराव."

कुणी हसलं नाही. रुपाने ओठ दाताखाली धरला.

लोटनराव बायकोकडे वळले. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. एखादा हिशोब फार वर्षांनी चुकलेला सापडावा तसा चेहरा होता.

"एकेचाळीस वरीस व्हई ग्यात," ते म्हणाले. "मन्हं नाव तू कधी लिधं नही."

बाईमाणसाने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही रीत. दगूबाईंनी आयुष्यभर 'ऐकलं का'वर आणि 'जागृतीना बाप'वर भागवलं होतं. त्यांनी मान वर केली.

"लिधं ना एकदाव," त्या म्हणाल्या. "तवय तुमले ऐकू नही उनं."

हेही त्यांना ऐकू आलं नाही. शांतीबाईंना आलं, आणि त्यांनी डोळे पुसून घेतले. हसता हसता पुसले की कसे, ते त्यांनाच माहीत.

लोटनरावांनी रिमोटवर मागे जायचं बटण शोधलं. आधी चुकीचं दाबलं, विमान पुन्हा ढगांत गेलं. मग बरोबर सापडलं. हळदीचा पाट आला, हिरव्या लुगड्यातल्या बाईने पदर सावरला, मान तिरपी केली. बायका उठायला लागल्या होत्या, कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या. खोलीत दुसरा काही आवाज नव्हताच. तरी लोटनरावांनी बोट वर करून सगळ्यांना गप्प राहायची खूण केली, आणि बायका पुन्हा खाली बसल्या.