करेल शे

"गणपतीच केवढा काढलाय! मग आमची नावं मुंगीएवढीच येणार," अभिमन नाना रत्नाच्या कानाशी पुटपुटले.

जळगावात अमृतलालशेठच्या लग्नपत्रिकांच्या दुकानात दोन्हीकडची मंडळी दाटीवाटीनं बसली होती. धरणगावाहून रत्ना, तिची लेक दिपमाला आणि रत्नाचे थोरले दीर अभिमन नाना. धुळ्याहून नवरदेव योगराज आणि त्याची आई ताईबाई. कॉम्प्युटरच्या पडद्यावर पत्रिका उघडलेली. नाना कुरकुरत होते नावांवरून, पण त्यांना खरं काय टोचतंय ते रत्नाला पक्कं ठाऊक होतं. टोचत होता कंस. चि. योगराज (बी.ई.). चि. सौ. कां. दिपमाला (बी.एस्सी.).

दिपमालानं दुसऱ्या वर्षालाच कॉलेज सोडलं होतं. घरी बसून तिनं क्लाउडच्या परीक्षा दिल्या, सर्टिफिकेटं मिळवली, आणि आता कापसाच्या खोलीला लागून असलेल्या खोलीतून ती पुण्याच्या एका कंपनीचे सर्व्हर सांभाळायची. घराला तिचं भारी कौतुक. फक्त ते चारचौघांत सांगायचं कसं, हे कुणाला जमत नव्हतं. 'सर्टिफिकेट' म्हटलं की भाऊबंद लगेच म्हणायचे, "एमएससीआयटी ना? आमच्या भटूच्या बायकोनंही केलंय."

म्हणून लग्न ठरवायच्या बैठकीत नाना बोलून गेले, "पोर बी.एस्सी. करेल शे."

खानदेशात 'करेल शे' म्हणजे करून झालेलं. धुळेकरांनी ते तसंच ऐकलं आणि खूश झाले. पाहुणे गेल्यावर रत्नानं नानांना धरलं, तर ते म्हणाले, "मी पुस्तकातली मराठी बोललो. करेल. म्हणजे पुढे कधीतरी करेल."

"आणि 'शे'?"

"ते सवयीनं आलं."

तेव्हापासून तो विषय कुणी काढला नाही. योगराजला दिपमालानं पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं होतं. पण थोरल्यांचं थोरल्यांनी निस्तरावं, असं दोघांनी ठरवून टाकलेलं. आज सकाळी बसमध्ये ती आईला म्हणाली होती, "खोटं छापू द्यायचं नाही. तू बोल, नाहीतर मी बोलते." रत्ना हो म्हणाली. आता तोंड उघडत नव्हतं. इतकी चांगली माणसं, आणि एका कंसापायी सोयरीक मोडली तर?

ताईबाई मात्र रंगात आल्या होत्या. "आमचा योगराज आता हिचीच ती परीक्षा देतोय. बी.ई. झाला, तरी रोज हिला फोनवर शंका विचारतो. तास तास बोलणं! मला वाटलं, नवं नवं आहे, चालायचंच. एकदा दाराआडून ऐकलं, तर मेलं सर्व्हर!"

दिपमाला ओढणी तोंडाला लावून हसली. योगराजचे कान लाल झाले.

नानांना राहवलं नाही. "पण त्या सर्टिफिकेटाची तीन वर्षांत मुदत संपते म्हणे. दुधाची पिशवी आहे का ती? डिग्री कशी, जन्माची."

"म्हणून तर परत अभ्यास होतो, नाना," दिपमाला म्हणाली.

"जन्माची डिग्री आमच्या भिंतीवर आहे," ताईबाई म्हणाल्या. "मीच पुसते तिला, दिवाळीच्या दिवाळीला."

सगळे हसले. नाना जरा उशिरा हसले.

अमृतलालशेठनं माउसवर हात ठेवला. "मग देऊ का छापायला? नीट वाचून घ्या हं काकीजी. एकदा छापलं की माझ्याकडे बोट दाखवायचं नाही."

नाना गणपतीकडे भक्तिभावानं बघायला लागले. योगराजनं मोबाइल काढला. ताईबाईंनी चष्मा पदरानं पुसला, परत पुसला. दिपमालानं आईकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

"थांबा शेठ," रत्ना लेकीच्या आधी म्हणाली. हातातला चहाचा कप तिनं खाली ठेवला. "विहीणबाई, आमनी दिपमाला बी.एस्सी. करेल नई शे."

आणि पुस्तकातल्या मराठीतही नानांना पळवाट उरू नये, म्हणून लगेच पुढे म्हणाली, "आणि करणारही नाही."