कपाळातून गळणारा रंग

माझा हट्ट म्हणजे शुद्ध वेडेपणा आहे, असं सर मला तोंडावर सांगत. मार्गदर्शकच ते, ऐकून घ्यावं लागे. पण मीही काही कमी हट्टी नाही.

माशाचा गर्भ एक दिवसाचा होतो तेव्हा मेंदूची पोकळी पाण्यानं फुगते. आमच्या काही गर्भांत ती चपटीच राहायची. त्यांच्यात पाणीच तयार होत नाही, असा सरांचा निष्कर्ष. छापून आलेला, चांगला गाजलेला. माझं म्हणणं, पाणी तयार होतं, पण गळून जातं. शेजारशेजारच्या पेशी घट्ट शिवून ठेवणारं क्लॉडिन नावाचं प्रथिन या गर्भांत नसतं. शिवणच उसवलेली असेल तर पिशवी फुगणार कशी?

"शुक्रवारी दाखव. नाही जमलं, तर विषय बंद," सर म्हणाले. म्हणजे माझी पीएचडीच बंद.

मी काचेच्या बारीक सुईनं पोकळीत चमकणारा रंग सोडला. रंग गळला! नाचणारच होते, तेवढ्यात निरोगी गर्भांकडे लक्ष गेलं. तेही गळत होते. भोक माझ्याच सुईनं पाडलं होतं. इतकी चीड आली स्वतःची!

ताईचा फोन आला. "माशांची डोकी राहू दे, आधी स्वतःचं सांभाळ. घरी ये."

"आज नाही."

"मग जेवलीस का, तेवढं तरी सांग."

जेवले नव्हते. सुई मानेकडून टोचायची आणि पाहायचं मात्र पुढे, कपाळाशी, हे फोन वाजायच्या जरा आधीच सुचलं होतं. मागून गळेना का. कपाळाला मी हातही लावलेला नसणार. हात बसेपर्यंत कितीतरी गर्भ वाया गेले. प्रत्येकाचं वाईट वाटलं, पण थांबले नाही.

शुक्रवारी सरांनी गर्भांच्या बशांवर चिकटवलेल्या नावांच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या आणि बशा मिसळल्या. "ओळख."

"या बशीतल्यांच्या कपाळातून रंग गळतोय, यांच्यात क्लॉडिन नाही. हे निरोगी. आणि ही बशी मी वेगळी ठेवली होती. हे तुमचे चपटेच, पण यांना मी क्लॉडिन परत दिलं होतं. गळत नाहीत. पोकळी भरलीय बघा."

सर बराच वेळ सूक्ष्मदर्शकातून डोळे वर करेनात. मला त्यांची दया आली. तरी एक शब्दही मागे घेतला नाही.

"म्हणजे पाणी होतंच," ते पुटपुटले. मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. "लिहायला घे. पहिलं वाक्य, आमचा आधीचा निष्कर्ष चुकीचा होता."

मी टाइप केलं. त्यांनी पडद्यावर वाचलं.

"'आमचा' नको. तू तेव्हा शाळेत होतीस. 'माझा' लिही."