तेरावी गाडी

आमच्या नरडाण्याकडच्या गावात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बारा बैलगाड्या एकामागे एक बांधतात, त्यांत दीडशे माणसं कोंबतात आणि एकटा भगत कमरेला दोर बांधून त्या खंडोबाच्या देवळापर्यंत ओढतो. वाटेत दोर सोडला की हरला, घराण्याची भगतकी, म्हणजे हा मान, गेली. झुलाल भगताच्या सात पिढ्यांत कुणी हरलं नव्हतं.

गेल्या आखाजीला झुलाल थांबला. नेमका कंपनीच्या फाटकासमोर. मी पहिल्या गाडीत होतो म्हणून खरं सांगतो. बाकीचे वाढवून सांगतात.

ही कंपनी म्हणजे जगभरचे फोटो-व्हिडिओ साठवणारं डेटा सेंटर. ग्रामसभेत म्हणाले होते, पवनचक्कीची वीज वापरू. लावले बारा डिझेल जनरेटर. धूर असा, की गावात पांढरी शेळी आता फक्त म्हाताऱ्यांना आठवते.

झुलाल खोकला. मातीवर काजळ पडलं.

"डिझेलचा टँकर अडलाय, बाजूला व्हा!" नवीन नावाचा कंपनीचा मॅनेजर ओरडला.

"साहेब, तुमनं पवनचक्कीनं वचन कोठे गयं?" झुलालनं विचारलं.

"तुला गाड्या ओढवत नाहीत, त्यात विजेचा काय संबंध?"

"मना नवरानी छातीमा तुना धूर शे, मुडद्या!" झुलालच्या बायकोची, झुंबरबाईची गोफण फिरली. फाटकावरच्या चौकीदाराचा जबडा निखळला. त्याचे दोन दात टँकरच्या काचेत रुतलेले मी मोजले.

मग कंपनीचे सहा जण काठ्या घेऊन झुलालवर तुटून पडले. दोर सोडला तर भगतकी जाणार, म्हणून झुलाल जागचा हलेना. पाठीवर काठ्या फुटल्या. एक टोक उजव्या डोळ्यात घुसलं. डोळा गालावर आला.

झुलाल एवढंच म्हणाला, "तेरावी बी जोडा रे."

पोरांनी कंपनीच्या भिंतीवरून शेवटच्या गाडीची साखळी आतल्या एका जनरेटरला अडकवली. साखळी काढायला नवीन जनरेटरवर चढला.

"येळकोट येळकोट!" झुलालनं हिसका दिला. भिंत पापडासारखी फुटली. नटबोल्ट गोळ्यांसारखे सुटले, एका काठीवाल्याची मांडी चाकाखाली उसासारखी मोडली, डिझेलचा पाट वाहिला. बारा गाड्या, दीडशे माणसं आणि जनरेटरला मिठी मारलेला नवीन, असं सगळं लटांबर देवळाच्या पायरीवर येऊन आदळलं. नवीनच्या दोन बरगड्या गेल्या.

तो उतरायला लागला, तसा झुलालनं हात आडवा धरला. गाडीत बसलेल्यानं नवस बोलल्याशिवाय उतरायचं नाही, हा आमचा रिवाज.

"बोला साहेब."

"वर्षभरात... सगळी वीज पवनचक्कीची," नवीन कण्हला. "पण वर विचारावं लागेल."

"इचारा. तुमना अजून अकरा जनरेटर उभा शेत. तवर मी दम खाई लेस."

नवीननं तिथूनच मुख्य ऑफिसला फोन लावला. मधेच एकदा झुलाल नुसता उठून उभा राहिला, तसा नवीन फोनमध्ये किंचाळला. पलीकडचा माणूस हो म्हणाला.

दिवाळीला कंपनीत पवनचक्कीच्या विजेची तार आली. डोळा काही परत आला नाही. पण भगतकी झुलालच्याच घरात आहे. तो दोर रोज सकाळी दारात टांगतो, कंपनीच्या फाटकातून दिसेल असा.