पिल्लांवरची मरळ

भाईंनी उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवला आणि तसाच ठेवला. वारा नव्हता, तरी होडी हळूहळू फिरत होती. विनीताने वल्हं मांडीवर आडवं धरलं होतं आणि ती गप्प होती, कारण भाई पाण्याचा अंदाज घेत असताना कुणी बोललेलं त्यांना अजूनही खपत नसे.

"वयला पाणी आतापासूनच कोमट," शेवटी ते म्हणाले. "ऊन तापला काय मासो हयसर ऱ्हवाचो नाय. गार बघून खाली जातलो."

"मगे आपण काय करूचा?"

"मगे घराक जावचा." भाईंनी हात झटकला. "नायतर जांभळीखाली. थयसर झरो आसा, भर उन्हाळ्यात पाणी गार. इसारलंस?"

ती काहीच विसरली नव्हती. तळं एवढं मोठं की पलीकडच्या काठावरची गुरं नुसती ठिपक्यांसारखी दिसत. एप्रिल लागला की पाणी मागे हटे, काठाची लाल माती उघडी पडे, आणि मे महिन्याच्या सुट्टीत ती आणि तिचा धाकटा भाऊ अजय या होडीत भाईंच्या समोर गुडघे जुळवून बसत. भाई म्हणजे त्यांचे वडील. भावंडांत थोरले म्हणून सगळं घर त्यांना भाई म्हणे, तेच मुलांनी उचललं. एसटीत कंडक्टर होते. सुट्टीच्या दिवशी इतर कंडक्टर झोप काढत, भाई उजाडायच्या आत मासे धरायची गरी खांद्यावर टाकून तळ्यावर हजर.

याचा सगळ्यात जास्त राग आईला. नर्मदा मालवणच्या बंदराजवळची. गोड्या पाण्यातल्या माशाला मासा म्हणायलाच ती तयार नव्हती. "चिखल खावचो तर भायर शिजवा," असं म्हणून तिने मागच्या अंगणात वेगळी चूल आणि वेगळं मडकं देऊन टाकलं होतं. तळ्यावर निघताना डब्यात मात्र भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी ती न चुकता द्यायची, म्हणजे पोरांच्या तोंडात निदान समुद्राची चव तरी राहील. होडीत बसून खाल्लेल्या त्या भाकरीसारखी भाकरी विनीताला पुढे कुठेच मिळाली नाही, आणि ती मिळणार नाही हे तिला ठाऊक होतं. आई जाऊन आता दोन पावसाळे झाले. काल संध्याकाळी विनीताने बघितलं, स्वयंपाकघर रिकामं, विचारणारं कुणी नाही, तरी भाई तळ्यातला मासा मागच्या चुलीवरच शिजवत होते. तिला इतकं भरून आलं की ती आत जाऊन उगीचच भांडी लावत बसली.

पण ती भांडी लावायला आली नव्हती. भाईंना मुंबईला घेऊन जायला आली होती. गेल्या महिन्यात ते तळ्याच्या काठावर चक्कर येऊन पडले. शेजारचा धोंडू गुरं घेऊन तिथे आला म्हणून निभावलं. तोंड पाण्यापासून वीतभर लांब होतं, असं त्याने विनीताला फोनवर सांगितलं. कुडाळच्या डॉक्टरांनी तर स्पष्ट बजावलं होतं की यांना यापुढे एकटं ठेवू नका.

आल्यापासून ती त्यांना समजावत होती. भाई एकदाही नाही म्हणाले नव्हते. नाही म्हणणारा माणूस परवडतो, त्याच्याशी भांडता येतं. भाई नुसती बगल देत. डॉक्टरांचं नाव काढलं की, "डॉक्टर बरो आसा, त्येचो बापूस माझ्याच गाडयेन कॉलेजाक जाय." मुंबईचं नाव काढलं की त्यांना माडाला पाणी लावायचं आठवे. एकदा तर तिचं बोलणं अर्ध्यावर असताना ते कोंबड्या मोजायला उठले, आणि कोंबड्या त्यांच्याकडे आई गेल्यापासून नव्हत्याच.

"भाई सोतासाठी येवचे नाय," असं अजयने मस्कतहून आधीच सांगून ठेवलं होतं. "तू रियाचा नाव घे. सांग, सुदेशची बदली झाली, माका घराक येवक रात होता, पोरगी एकटी रवता नि रडता. दुसऱ्या दिसाक बॅग भरतीत."

"पण रिया खंय एकटी रवता?"

"ता तुका ठावक. त्येंका खंय ठावक आसा?"

रिया विनीताची मुलगी, दहा वर्षांची. शाळा सुटल्यावर ती शेजारच्या काकींकडे जाई आणि तिथून घरी यायलाच तयार नसे. सुदेशची, विनीताच्या नवऱ्याची, बदली वगैरे काही झालेली नव्हती. आधी विनीताने अजयला झिडकारलं. मग रात्रभर तिला ते वीतभर अंतर दिसत राहिलं, आणि सकाळी तिने फोन करून कबूल केलं. खोटं बोलून का होईना, बाप जिवंत राहिला तर झालं. संध्याकाळच्या गाडीची दोन तिकिटं तिच्या पर्समध्ये होती. ते वाक्य तिने शेवटच्या सकाळपर्यंत मागे ठेवलं होतं. होडीत भाईंना उठून कुठे जाता येणार नाही, असा तिचा हिशेब होता.

"घे," भाईंनी गरी तिच्या हातात दिली. तंगसाच्या, म्हणजे गरीच्या नायलॉनच्या दोरीच्या, टोकाला अंगठ्याएवढा बेडूक होता. "कमळाच्या पानांच्या कडेक टाक. मरळीक दर थोड्या वेळान श्वास घेवक वर येवचा लागता. बुडबुडो दिसलो काय थयसर टाकूचा नाय, त्येच्या पुढे टाकूचा."

तिने टाकलं. बेडूक पानाच्या अलीकडे पडला.

"ओढ. थांब. परत ओढ. बेबो काय सरळ रेषेत जाता? त्येका खंय हापिसात जावचा आसा?"

विनीताला हसू आलं. दोरी हातात आली की बोटांना सगळं आठवतं, हे तिला नवीन होतं. दुसऱ्या फेकीला पानाखालून पाणी उसळलं, तिने झटका दिला आणि रिकामा गळ हवेतून परत आला.

"घाय," भाई समाधानाने म्हणाले. "तुझी आवस पण अशीच. तिका एकदाच हाडलेलंय हयसर, लगनाच्या वर्षाक. इतक्या जोरात झटको दिल्यान, गरीच पाण्यात गेली. नि वर माकाच म्हणता, तुमच्या तळ्याक माणसाची किंमत नाय."

"माका कधी सांगूक नाय ह्या."

"तिना सांगू नको म्हटलेल्यान."

त्या सकाळी भाई नेहमीपेक्षा जास्त बोलत होते. झऱ्याची जागा दाखवायला त्यांनी होडी मुद्दाम जांभळीखाली नेली आणि विनीताला पाण्यात हात घालायला लावला. खरोखरच मनगटापाशी गार होतं. दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की वरचं ऊन पाणी पलीकडच्या काठाला कसं जातं, आणि म्हणून चार वाजता या बाजूला बसायचं, हे त्यांनी तिला दोनदा सांगितलं. गाठ मारून दाखवली, सोडली, तिला मारायला लावली. तिला वाटलं, बोलायला कुणी मिळालं म्हणून. किती दिवस हा माणूस या पाण्याशी एकटाच बोलत असेल, या विचाराने तिचा जीव कळवळला, आणि आता सांगून टाकावंच असं तिने ठरवलं. तिने गरी पुन्हा सावरली, नवा बेडूक लावला आणि हात मागे नेला.

तेवढ्यात पाण्यात परातीएवढा लालसर डाग दिसला. बारीक पाऊस पडावा तसं तिथलं पाणी वळवळत होतं.

"भाई, मरळीची पिल्लां."

"दिसली." भाईंनी तिच्या हातातली गरी काढून घेतली आणि ते दोरी गुंडाळायला लागले. बेडूक सोडवून त्यांनी डब्यात परत टाकला.

विनीताला अजय आठवला, अर्ध्या चड्डीतला, होडीत उभा राहून नाचणारा. "टाका मां भाई, आयतीच गावतली." दर सुट्टीला तो हेच म्हणायचा आणि भाई दर सुट्टीला दोरी गुंडाळायचे. कारण त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, आणि मुलांनी विचारलं नव्हतं.

"टाकली तर गावता मां?" तिने आता विचारलं.

"गावतलीच. त्येका काय अक्कल लागता? खाली दोघाय आसत, आवस नि बापूस." भाई लाल डागाकडे बघत होते. "ह्या दिसांनी ती धड खायतय नाय. बेडूक भुकेसाठी घेणा नाय ती. पिल्लांवर कायतरी पडला, एवढाच तिका कळता. धावता नि तोंडात धरता."

"लोक टाकतत?"

"टाकतत तर. दुसऱ्या दिसाक येवन बघ, एक पिल्लू ऱ्हवणा नाय. बाकीचे माशे खातत." त्यांनी गरी होडीच्या तळाला ठेवली. "भुकेन येवन गावली, तर ती तिची चूक. ही अशी गावलेली माझ्याच्यान खाववत नाय."

डाग हळूहळू पानांकडे सरकत गेला. होडी हलू नये म्हणून दोघं तशीच बसून राहिली.  विनीताला स्वतःची लाज वाटली, आणि अजयचीही, आणि मग एवढ्या लांब बसून बापासाठी तळमळणाऱ्या अजयची दयाही आली.

"काय गो," भाई म्हणाले. "सकाळपासून कायतरी सांगूचा आसा तुका."

"नाय."

ते थांबले. तिच्याकडे बघत, पुरतं उत्तर मिळालं नाही तर एसटीत प्रवाशासमोर थांबत असतील तसे.

"कायच नाय, भाई. ऊन तापला. जावया."

"बरा," ते म्हणाले आणि त्यांनी वल्हं उचललं.

काठावर धोंडू गुरं पाजत होता. दोघांनी मिळून होडी वर ओढली आणि भाईंच्या सांगण्यावरून झाडाखाली उपडी घातली. पावसाळ्याच्या आधी ती कधीतरी उपडी घालावीच लागे. विनीताने धोंडूला बाजूला घेतलं. सकाळ-संध्याकाळ घरात डोकावशील का, भाई तळ्यावर निघाले की नुसता मागोमाग जाशील का, असं विचारलं. धोंडू म्हणाला, "त्येत विचारूक काय व्हया?" भीती गेली नव्हती. वीतभर अंतर अजून तिथेच होतं. पण ती दर महिन्याला येणार होती, रजा मिळो न मिळो, आणि अजयला काय सांगायचं तेही तिने चालता चालता ठरवून टाकलं. बऱ्याच दिवसांनी तिला मोकळं वाटत होतं.

घरी येऊन तिने अंघोळ केली, चहा टाकला, आणि दोन कप घेऊन ती माजघरात आली.

"भाई, माझा काय म्हणणा आसा, तुमी हयच रवा. मी धोंडूक..."

भाई खाटेवर बसून सदऱ्यांच्या घड्या घालत होते. शेजारी रेक्झिनची जुनी बॅग उघडी होती. तळाशी औषधांची पिशवी, त्यावर टॉवेल, धोतरं, आणि आईचा छोटा फोटो, वर्तमानपत्रात गुंडाळून दोरा बांधलेला. घाईने भरलेली बॅग ती नव्हती.

"ही कधी भरल्यात?"

"तू येवच्या आदल्या दिसाक." त्यांनी घडीवरून हात फिरवला. "अजयान फोन केल्यान. म्हणालो, विनीता तुमका सांगूची नाय, पण तिचे हाल जातत. सुदेशची बदली झाली, रिया घरात एकटी रवता, रडता."

विनीताने कप खाली ठेवले.

"मी वाट बघी होतंय तू सांगशीत म्हणान," भाई म्हणाले. "सकाळी विचारलंय पण तुका. तू गप. मगे म्हटला, माझो जीव हयसर लागता म्हणान माझ्यासाठी पोरगी गप बसता. तर आता मीच सांगतंय. संध्याकाळची गाडी आसा मां? चल."

तिला रडू आवरेना. ती त्यांच्या पायांशी जमिनीवरच बसली.

"भाई, ता सगळा खोटा आसा. सुदेश घराकच आसा. रिया काकींकडे रवता, मजेत आसा. आमी ठरवलेला, मी नि अजयान. तुमी येवचा म्हणान."

भाईंनी शेवटचा सदरा बॅगेत ठेवला.

"अजय ल्हान होतो तेवापासना खोटा बोलताना तीच गोष्ट दोनदा सांगता," ते म्हणाले. "ह्या पण दोनदा सांगल्यान."

"मगे तुमका ठावक होता?"

त्यांनी चेन ओढली. ती मध्येच अडकली. खिडकीतला साबणाचा तुकडा घेऊन ते चेनीच्या दातांवरून घासू लागले, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"मगे कशाक येतास?"

"खोटाच आसतला," भाई वर न बघता म्हणाले. "पण खरा आसला तर, गो?"