लाझारच्या दारातला पवित्र झरा

सकाळी सात वाजता खड्ड्याभोवती मुंगी शिरायला जागा नव्हती. नळ टाकायला रस्ता खणताना विटांचं दीड हजार वर्षांपूर्वीचं थडगं लागलं होतं, आणि त्याच्या भिंतीतून सुगंधी पाणी झिरपत होतं. बल्गेरियातल्या त्या चिमुकल्या गावाला आणखी काय हवं? लोक ते पाणी डोळ्यांना लावत, तोंडात घेत, अंगावरच्या कपड्याचा दोरा उपसून शेजारच्या झाडाला बांधत.

“संत पेटका माझ्या स्वप्नात आली!” समोरच्या अतिथीगृहाचा मालक लाझार काठावरून गर्जत होता. “पाणी फुकट आहे, मायबापहो! पण गुण तिसऱ्या सकाळी येतो, म्हणून मुक्काम करा!” मुक्काम अर्थात त्याच्याकडेच. संताचा हा दूत स्वतः मात्र दुकानातलं बाटलीबंद पाणी पीत असे.

थडग्याच्या उत्खननाची जबाबदारी असलेल्या पुरातत्त्वज्ञ झ्लातिनाचं लक्ष स्तामातकडे होतं. तिचा सगळ्यांत हुशार खणणारा. एक डोळा जन्मापासून गेलेला, दुसऱ्यात मोतीबिंदू. सोमवारी शस्त्रक्रिया ठरली होती, ती रद्द करून तो रोज झऱ्याचं पाणी डोळ्यात घालत होता.

“मामा, डोळा सुजलाय. आज तरी डॉक्टरकडे चला.”

“घाण बाहेर पडतेय, लाझार म्हणाला.”

“लाझार डोळ्यांचा डॉक्टर कधी झाला?”

“हे थडगं माझ्या थापीने उघडलं, पोरी. संताने मलाच निवडलं. ते काय आंधळं करायला?”

झ्लातिनाला राग आला, रडूही आलं. ती वही उघडून बसली. खड्ड्यात पाणी किती वाजता चढतं, हे ती सवयीने रोज लिहीत असे. सकाळी सात ते नऊ धो धो, दुपारी नुसती ओल, झोपायच्या वेळी पुन्हा धार. यात्रेकरू वाढले तसा झराही वाढला. बुधवारी नगरपालिकेने गावाचं पाणी बंद ठेवलं, त्या दिवशी झराही आटला. संत रुसली, असं लाझारने सांगितलं. संताला नळाच्या वेळा कशा ठाऊक, हे एकानेही विचारलं नाही.

दुसऱ्या सकाळी ती लाझारच्या अतिथीगृहाच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीत उभी राहिली.

“ही हिरवी पूड! गळकी नळी शोधायला प्लंबर वापरतात. ही मी लाझारच्या संडासात टाकतेय. तुम्ही झऱ्याकडे बघा!”

“खाली उतर, नास्तिक बये!” लाझार किंचाळला. तोवर तिने साखळी ओढली होती.

अकराव्या मिनिटाला विटांच्या फटीतून पाणी आलं, पोपटी हिरवं. रस्ता खणताना लाझारच्या घराची सांडपाण्याची जुनी नळी फुटली होती. संडास-न्हाणीचं पाणी वाळूतून गाळलं जाऊन थडग्यात उतरत होतं. सुगंध पाहुण्यांच्या साबणाचा. लाझारला हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. नळी दुरुस्त करण्याऐवजी त्याने स्वप्न पाहिलं.

“हिरवा! संताच्या वस्त्राचा रंग!” तो अजूनही ओरडत होता.

“मग पी की, मेल्या!” एका म्हातारीने पेला भरून पुढे केला. लाझारने दात घट्ट मिटले. दोघांनी त्याचे हात धरले, तिसऱ्याने नाक दाबलं. झ्लातिनाने अडवायला हवं होतं. तिने अडवलं नाही.

स्तामात चाचपडत तिच्याजवळ आला. “खरंच हिरवं आहे का गं?”

“हिरवंगार आहे, मामा.”

“मला दिसत नाही,” तो म्हणाला.

संध्याकाळी डॉक्टरांनी तो डोळा काढला. उशीर झाला होता.

महिन्याभराने लांबच्या गावाहून आणखी एक बस आली. बातमी पोचली होती, तपास पोचला नव्हता. स्तामात बुजवलेल्या खड्ड्यापाशी खुर्ची टाकून बसला होता.

“बाबा, झरा कुठे?” एका बाईने विचारलं. तिच्या कडेवर आजारी लेकरू होतं.

“देवाला माना नाहीतर नका मानू, बाई, तुमची मर्जी. पण पाणी कुठून येतं ते आधी विचारा. आणि लेकराला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. मी विचारलं नव्हतं.”

एवढं बोलून त्याने काळा चष्मा काढला.