हिरव्या दिव्याची राखण

संघप्रियाचं बूड खुर्चीत होतं, पण जीव काही खुर्चीत ठरत नव्हता. सकाळी लॉगिन करायचं आणि लोकांच्या दवाखान्याच्या बिलांचे क्लेम तपासत बसायचं. कुणाचा मोतीबिंदू, कुणाचं अपेंडिक्स, कुणाचं तिसरं बाळंतपण. सकाळची दुपार व्हायची, दुपारची संध्याकाळ व्हायची, आणि टेबलाखाली पाय नुसते हलत राहायचे. समोरच्या दाराची हिनाभाभी एकदा साखर मागायला आली तेव्हा म्हणाली, "पैर मत हिला, लक्ष्मी चली जाती है." लक्ष्मी जाईल तेव्हा जाईल, संघप्रिया मनात म्हणाली, पाय राहू देत म्हणजे झालं.

पायांचं भय तिला उगाच नव्हतं. तिचे वडील, वाल्मिक, भाईंदर पूर्वेला जन्मभर रिक्षा चालवायचे. बसून बसून, कटिंग चहात दोन-दोन चमचे साखर घालून, माणूस आतून पोखरला गेला. एक दिवस चपलेत खडा शिरला आणि त्यांना तो संध्याकाळपर्यंत कळला नाही. आधी अंगठा गेला, मग गुडघ्याखालचा पाय गेला, आणि मग तेच गेले. त्यामुळे या हिवाळ्यात स्वतःच्या तळव्यांना मुंग्या येऊ लागल्या तेव्हा संघप्रियाच्या काळजाचं पाणी झालं. ऑफिस सुटलं की रोज पाय उलटे करून ती मोबाइलच्या उजेडात बघायची. कुठे चीर नाही ना, फोड नाही ना, बोटांमध्ये काही नाही ना.

घराजवळच्या, खारीतल्या डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "साखर काठावर आहे," त्या म्हणाल्या. "आत यायचं की खाली पडायचं ते तुम्ही ठरवा. जिमला जाणार आहात? नाही ना? मग दर अर्ध्या तासाला खुर्ची सोडायची. दोन मिनिटं जिना चढा-उतरा, उठाबशा काढा, काहीही करा. चिमूट-चिमूट करूनच पोट भरतं."

सांगायला काय जातंय! डॉक्टरीणबाईंना त्या दिव्याचं कुठे ठाऊक होतं? कंपनीच्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर, कोपऱ्यात, एक बारका हिरवा दिवा होता. माऊस जरा थांबला की तो पिवळा व्हायचा, आणि पिवळा झाला की टीम लीडर हेमाली मॅडमना दिसायचा. हेमाली मॅडम राहायच्या भाईंदर पश्चिमेला, रुळांच्या पलीकडे. पण त्यांचा डोळा मात्र थेट खारीतल्या या वन रूम किचनमध्ये. लगेच मेसेज: "संघप्रिया, यलो? सब ठीक?" गोड बोलून चिमटा काढायची कला एकेकाला असते. वर त्यांनी मीटिंगमध्ये सांगून टाकलं होतं की ज्यांचे दिवे सारखे पिवळे, त्यांना घरून काम बंद, रोज ऐरोलीच्या ऑफिसात यायचं. जाऊन-येऊन चार तास बसायचं, आणि मध्ये पुन्हा बसायचंच. म्हणजे आगीतून फुफाट्यात.

तरी तिने करून पाहिलं. एका हाताने माऊस हलवत खुर्चीशेजारी उठाबशा काढल्या, तर क्लेम भलत्याच रकान्यात जाऊन पडला. मीटिंग चालू असताना कॅमेरा बंद करून टाचा वर-खाली केल्या, जागच्या जागी पळाली, आणि आवाज बंद करायचा मात्र विसरली. "कुणाकडे कुत्रा आहे का? धापा टाकतोय बघा," हेमाली मॅडम म्हणाल्या, तेव्हा सगळी टीम हसली. संघप्रियाही हसली. काय करणार?

हे सगळं तिची आई जाईबाई भाजी निवडता निवडता बघत होती. जाईबाई जालन्याकडची. इतकी वर्षं भाईंदरला काढली तरी बोली तिने सोडली नव्हती आणि चालणंही सोडलं नव्हतं. सकाळी विहारात वंदनेला, संध्याकाळी भाजी मार्केटात; रिक्षात बसायचं तर तिच्या जिवावर यायचं. ती पदराला हात पुसत उठली.

"सरक तिकडं. मी हलवते तुझा माऊस."

"आई, काहीतरीच काय! ऑफिसचं काम आहे."

"मी कुठं काम करायली? हलवायचंच हाय न्हवं? जन्मभर जातं ओढलंय मी. जा, पळ. दिवा मी बघते."

संघप्रियाने तिला समजावलं, बोट कुठे दाबायचं नाही, नुसता हात फिरवायचा. जाईबाईने चष्मा पुसला, पदर खोचला, आणि खरंच जात्यावर बसल्यासारखी माऊस गोल गोल फिरवू लागली. संघप्रिया दार उघडून पळाली. लिफ्ट नसलेल्या त्या इमारतीचा जिना ती गच्चीपर्यंत धापा टाकत चढली, धडधडत उतरली, आणि परत आली तेव्हा दिवा हिरवागार होता. "बघ," जाईबाई म्हणाली. तिच्या तोंडावर असं हसू संघप्रियाने बाबा गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

मग ते रोजचंच झालं. फोनमधला गजर वाजला की लेक जिन्यात आणि आई खुर्चीत. शेजारीपाजारी विचारायला लागले. हिनाभाभी दारात उभी राहून म्हणायची, "क्या भागदौड है, कौन पीछे पड़ा है?" संघप्रिया न थांबता ओरडायची, "डॉक्टर!" खाली गेटजवळ जाऊन यायची, कधी घरातच भिंतीला हात लावून दंड काढायची. पाय मोकळे व्हायचे, पण डोकं व्हायचं नाही. जिन्यात असताना दिव्याची धाकधूक, खुर्चीत असताना पायांची धाकधूक. एक चहा स्वस्थपणे प्यायली असेल तर शपथ.

जाईबाई मात्र या नोकरीत अशी रमली की विचारू नका. मधल्या वेळात उठून करायचं काय, म्हणून तिने टेबलाला स्टूल लावलं आणि तिथेच ठाण मांडलं. लेक आंघोळीला गेली, जेवायला बसली, कुरिअर घ्यायला गेली की ही लगेच खुर्चीत. शेजारणीने हाक मारली तर म्हणायची, "आता न्हाई, मी ड्युटीवर हाय." भाजीवाला खालून ओरडला की खिडकीतून दोरीला पिशवी बांधून सोडायची. संघप्रियाला ते गमतीचं वाटायचं. ती ऑफिसच्या मैत्रिणीला सांगायचीही, "माझी असिस्टंट आहे घरी, बिनपगारी."

एकदा जिन्यावरून येऊन धपकन खुर्चीत बसताना तिचा अनवाणी पाय टेबलाखालच्या चार्जरच्या काळ्या ठोकळ्याला लागला, तशी ती "आई गं!" म्हणून उडालीच. जुना चार्जर, तापून नुसता तवा झालेला. कंपनीला मेल टाकायला हवा, ती म्हणाली, पाय चोळत राहिली आणि पुढच्या क्लेमला लागली. मेल राहिला तो राहिलाच.

पुन्हा रक्त तपासलं. लॅबमधून रिपोर्ट मोबाइलवर आला तेव्हा ती जिन्यातच होती. साखर काठावरून आत आली होती. चांगली आत. तिथेच पायरीवर उभी राहून तिने रिपोर्ट तीनदा वाचला आणि मग एकटीच उड्या मारायला लागली. हिनाभाभी केर टाकायला खाली निघाली होती. तिला तिने मिठीच मारली.

"अरे वा," हिनाभाभी म्हणाली. मग आवाज खाली आणून विचारलं, "पर मम्मी की तबीयत ठीक नहीं है क्या? कितने दिन हो गए, नीचे दिखती ही नहीं. पहले तो मैं उनके साथ चल नहीं पाती थी."

संघप्रियाच्या उड्या थांबल्या. खरंच, आई शेवटची खाली कधी उतरली होती? तिला आठवेना. ती दोन-दोन पायऱ्या गाळत वर आली. जाईबाई खुर्चीत होती, नजर दिव्यावर, हात माऊसवर.

"आई, तू मार्केटला जात नाहीस हल्ली?"

"भाजी दोरीनं वर येती की."

"आणि विहारात?"

"सकाळचं तुझं लॉगिन असतंय. मधीच दिवा पिवळा झाला म्हंजे?" जाईबाईने माऊस एक गिरकी फिरवला. "कामून इचारायलीस? रिपोर्ट आला का?"

संघप्रियाला रिक्षात बसलेले बाबा आठवले. ती गुडघ्यांवर बसली आणि टेबलाखाली वाकली. जाईबाईचा डावा पाय चार्जरच्या ठोकळ्यावर ठेवलेला होता. असा निवांत ठेवलेला, जणू पाट आहे. संघप्रियाने ठोकळ्याला बोट लावलं आणि चटका बसून झटकन मागे घेतलं.

"आई, पाय उचल."

"राहू दे गं, जरा गरम वाटलं तर बरं."

"उचल म्हणते ना!"

तिने स्वतःच तो पाय दोन्ही हातांत धरून वर घेतला. टाचेच्या पुढे लिंबाएवढा फोड होता. फुटलेला, कडेने काळा पडलेला. आजचा नव्हता तो. संघप्रियाने त्याच्या बाजूला नख टोचलं. मग जरा जोरात टोचलं. जाईबाई वर दिव्याकडेच बघत होती.

"दुखतंय?"

"काय?"

संघप्रियाला रडू फुटलं. रोज न चुकता ती पाय उलटे करून बघायची, मोबाइलचा उजेड पाडून बघायची. आपले, फक्त आपले. हातभर अंतरावर हे दोन पाय होते, जन्मभर चाललेले, आणि तिने ते खुर्चीखाली नेऊन बांधले होते. बाबांच्या खड्याची गोष्ट पाठ होती तिला. एवढं पाठ असून काय उपयोग झाला?

"कधीपासून कळत नाहीये तुला?"

जाईबाईने नजर पहिल्यांदाच दिव्यावरून काढली. मग म्हणाली, "दिवाळीच्याही आधीपासून."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू मला हितं बसू दिलं असतंस का?" जाईबाईने लेकीच्या केसांवरून हात फिरवला. दुसरा हात माऊसवरच होता. "तुझ्या बापाच्या वक्ताला मला काईच करता आलं न्हाई गं. नुसती बघत बसले. म्हणलं, हिचे पाय तरी वाचतील."

संघप्रियाने तिचा हात माऊसवरून काढला. जाईबाई तो पुन्हा नेत होती, तर तिने धरून ठेवला.

"पोरी, दिवा..."

"होऊ दे पिवळा."

फोड धुऊन, स्वच्छ ओढणीची पट्टी बांधून होईपर्यंत दिवा पिवळा झाला. पर्समध्ये पैसे कोंबताना फोन वाजला. हेमाली मॅडम. "संघप्रिया, किती वेळ यलो आहेस? कहाँ हो?"

"आईला दवाखान्यात नेतेय."

"ओके, पण सिस्टममध्ये आधी लीव्ह टाकावी लागते ना..."

"मॅडम, आज पिवळाच राहणार," संघप्रिया म्हणाली आणि फोन ठेवला. पुढे काय व्हायचं ते होवो, ऐरोली तर ऐरोली.

दाराबाहेर येऊन तिने आईचा हात खांद्यावर घेतला. तिच्या स्वतःच्या पायांना धावायची सवय लागलेली. ते पुढे पुढे ओढत होते, डॉक्टरीणबाई निघून जातील, उशीर होईल, आधीच किती उशीर झालाय. पण जाईबाई कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती. पाय कुठे पडतोय हे तिला बघूनच कळत होतं, म्हणून मान खाली घालून. इतके दिवस या जिन्यावरून वर-खाली पळताना संघप्रियाने तिला कधी असं उतरताना पाहिलं नव्हतं. पाहणार कशी? आई खुर्चीत असायची.

एका मजल्यावर जाईबाई थांबली. दम लागला होता.

"तू हो पुढं," ती म्हणाली. "तुझा गजर वाजायची वेळ झाली. तू तुझे जिने करून घे, मी थांबते हितंच."

संघप्रियाच्या फोनमध्ये गजर वाजलाच. तिने तो बंद केला आणि आईच्या पावलाशेजारी आपलं पाऊल ठेवलं.

"चल," ती म्हणाली. "डावा आधी. सावकाश."